कर्ण्यापुढचा मास्तर

कढीसाठी ताकात हळद पडली, की त्या वासासरशी मला पलूसच्या जत्रेतला कुस्तीचा हौद दिसतो, कारण तिथली तांबडी मातीही ताक-हळद घालूनच मळलेली असायची. महायुद्ध नुकतंच संपलेलं. जत्रेत पहिल्यांदाच कर्णा आणलेला, आणि आवाज मोठा म्हणून मला, शाळामास्तराला, माईकपुढं बसवलेलं. शेवटची कुस्ती होती पलटणीतून रजेवर आलेल्या आमच्या पैलवानाची आणि जतच्या एका धिप्पाड गड्याची. आधी मी अगदी सभ्यपणे सांगत होतो. पण जतकरानं आमच्या गड्याला खाली घेतलं आणि माझा ताबा सुटला. "उजवा पाय मोकळा हाय त्याचा, वढ रं!" कर्ण्यातून ते साऱ्या माळावर घुमलं आणि जतकरानं झटक्यात पाय आखडून घेतला. "मग डावा धर, डावा!" त्यानं तोही आखडला. तेव्हा तोंडातली माती थुंकत आमचा पैलवान खालून ओरडला, "आवं मास्तर, गप बसा की! त्यालाबी ऐकू येतंय!" सारा माळ हसून लोळला. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. जतकरालाही हसू फुटलं, पकड सैल झाली, आणि आमच्या गड्यानं त्याला उलथून चीत केलं! फेटे आभाळात उडाले. मागची माणसं "कोण पडलं, सांगा की!" म्हणून बोंबलत होती, आणि मी तोंड दाबूनच नाचत होतो. पुढं रेडिओवर सामने सांगण्यात माझी हयात गेली. पण खेळ ऐन रंगात आला की हात आपोआप तोंडावर जायचा, आणि घरोघरी लोक बिचारे आपापल्या रेडिओला थापट्या मारत बसायचे.