सातव्या आश्चर्याचं विशेषण

दुपारचं जेवण झालं की मी डाव्या कुशीवर पडतो. झोप म्हणत नाही मी तिला, वामकुक्षीच म्हणतो. आज उशाशी प्रुफं आहेत. मुलांसाठी जगातल्या आश्चर्यांवर एक लहानसं पुस्तक लिहिलं आहे. प्राचीन सात आणि अर्वाचीन सात. चहाच्या वेळेला प्रकाशनातली शलाका प्रुफं न्यायला येणार, आणि एक शब्द अजून ठरलेला नाही.

बॅबिलोनच्या बागा. आपल्याकडे त्यांना 'झुलत्या बागा' म्हणायची पद्धत आहे, पण त्या काही झुलत नव्हत्या. 'टांगत्या' म्हटलं की डोळ्यांपुढे कंदील येतो. 'लोंबत्या' तर नकोच. गच्चीवर गच्ची रचलेली आणि त्यांवरून बाहेर झुकलेली झाडं, असं काहीतरी ते असावं. म्हणजे असलंच तर. त्यांची जागासुद्धा अजून कोणाला नक्की सापडलेली नाही. मी तर या चौदांपैकी ताजमहालही पाहिलेला नाही. अशा माणसानं मुलांना काय सांगावं? तो पाठच काढून टाका, असं शलाकाला सांगायचं मी जवळजवळ ठरवलं आहे. चष्मा काढून प्रुफांवर ठेवतो. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो, आणि कोणीतरी चष्मा उचलतं.

"काचा बघ कशा झाल्यात," आक्का म्हणते आणि पदरानं पुसायला लागते.

आक्का माझी थोरली बहीण. जन्मभर नगरपालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवलं तिनं. गेल्या मार्गशीर्षात गेली.

"तू गेलीस ना?" मी विचारतो.

"गेले. म्हणून काचा अशाच ठेवायच्या?" माझा चष्मा ती स्वतःच्या नाकावर ठेवते आणि ओळीखाली बोट धरून वाचते, वर्गात वाचायची तसं. "'बॅबिलोनच्या' आणि पुढे नुसत्या खाडाखोडी. अच्यू, हे काय?"

"तो पाठ काढतोय मी."

"मग सहाच उरतील. पोरं विचारतील, सातवं कुठं गेलं?"

"शब्द मिळत नाही, आक्का."

"घरात बसून मिळणार आहे का? ऊठ."

आम्ही जिना उतरतो तो कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर. मुताऱ्यांच्या मागे पिरॅमिड आहे. त्याच्या सावलीत बायका पिशव्या घेऊन गाडीची वाट पाहत बसल्या आहेत.

"एवढं मोठं घर आणि आत माणूस एकटाच," आक्का म्हणते. तिला त्यात फारसा रस नाही.

ऱ्होड्सचा पुतळा कोयनेच्या पुलाशी आहे. नदीच्या दोन्ही काठांवर एकेक पाय रोवून तो उभा आहे.

"हे चूक आहे," मी म्हणतो. "तो असा पाय फाकून नव्हता. ती नंतरच्या लोकांची कल्पना. मी तळटीप दिली आहे."

"असू दे चूक. आपल्याला खालून जायला मिळतंय ना? चल. फक्त वर बघू नकोस."

मी वर बघत नाही. पुढे चीनची भिंत लागते. तिच्यावर कोणीतरी गोधड्या वाळत घातल्या आहेत. त्या हातानं बाजूला सारत आम्ही चालतो, आणि भिंत संपते ती नकट्या रावळाच्या विहिरीशी. कऱ्हाडातली ही जुनी, पायऱ्यापायऱ्यांची विहीर. लहानपणी मला तिची भीती वाटायची, आणि खाली काय आहे ते बघायचंही असायचं. आक्का मला उचलून न्यायची.

आज पायऱ्या खाली उतरत नाहीत, वर चढतात. टप्प्यावर टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यावरून नेचे, वेली, एक अख्खं आंब्याचं झाड बाहेर झुकलेलं. वरून पाणी ठिबकतंय. दगड शेवाळानं हिरवे झाले आहेत.

"हीच का तुझी बाग?"

"असावी. खात्री नाही."

"तुला कधी होती खात्री?"

"झुलत्याच ठेवू का?" मी विचारतो. "सगळे तेच म्हणतात."

"मी एकदा वर्गात सांगितलं होतं, झुलत्या बागेचं चित्र काढा. अख्ख्या वर्गानं झोपाळा काढला. एकीनं तर त्यावर राणी बसवली. हातात चिवड्याची पुडी."

"मार्क दिलेस?"

"चिवड्याला दिले."

पहिल्याच पायरीवर ती थांबते. पायांत चपला नाहीत. टाचा शेवाळानं माखल्या आहेत.

"माझे गुडघे राहिले नाहीत रे. तू घे मला कडेवर."

"मला जमेल?"

"मला नाही जमलं? मी परकरातली पोर, आणि तू हा असा भोपळा."

मी वाकतो. ती माझ्या डाव्या कडेवर बसते. दोरीवरून काढलेले कपडे हातावर घ्यावेत, तेवढंच वजन. मी चढायला लागतो. तिची टाच माझ्या कमरेवर आपटत राहते. दर टप्प्याला ती अंग बाहेर टाकून काहीतरी बघते, आणि माझा तोल जातो.

"नीट बस ना, आक्का."

"कडेवरचं पोर नीट बसलंय का कधी? ते बाहेरच झुकणार. तू विहिरीत बघायला असा वाकायचास, माझी कंबर मोडायची." ती हात लांब करून आंब्याकडे दाखवते. "ते बघ. तुझ्यासारखंच आहे."

मी बघतो. दगडाच्या टप्प्यानं झाडाला धरलं आहे, आणि झाड खाली काय आहे ते बघायला वाकलं आहे.

शब्द अगदी ओठांवर येतो. तो आक्काला सांगावा म्हणून मान वळवतो, तर घंटा वाजते.

दाराची आहे. मी उठून बसतो. चष्मा प्रुफांवरच आहे. खाडाखोडीच्या वर, जरा जागा आहे तिथे, पेन्सिलीनं शब्द लिहितो. घंटा पुन्हा वाजते.

"झोपला होता का काका?" शलाका उंबऱ्यातच प्रुफं उलटायला लागते. "हां, हेच पान राहिलं होतं. 'बॅबिलोनच्या कडेवरच्या बागा.'" ती थांबते. "म्हणजे गच्चीच्या कडेवर लावलेल्या, की कडेवर घेतलेल्या?"

"हो," मी म्हणतो.

ती माझ्याकडे बघते, मग पुन्हा पानाकडे. शब्द एकदा मनाशी म्हणून बघते. "पाठ ठेवायचा ना मग? काल फोनवर तुम्ही म्हणत होता..."

"ठेवायचा. सातच आहेत ती."

"बरं झालं बाई." ती प्रुफं पिशवीत घालते, आणि वाकलेली असतानाच तिचं लक्ष जातं. "काका, बंडीला काय लागलंय तुमच्या?"

मी खाली बघतो. चार दिवसांत मी घराबाहेर पडलेलो नाही. डाव्या बाजूला, कमरेच्या जरा वर, टाचेएवढा हिरवा डाग आहे. बोट लावून पाहतो. अजून ओला आहे.