नायिकेला सांगा, नळ बंद कर!

वाचनालयात दोन गोष्टी न बोलावता जमतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान फडक्यानं झटकता येते. किस्से झटकायला जावं तर आणखी चार अंगावर येतात! मी बायंडर माणूस. शाळा सातवीत सुटली. म्हणजे मास्तरांनीच सोडवली. पण पाठक वाचनालयाच्या कोपऱ्यात खळीचा डबा घेऊन बसलो आणि फाटकी पुस्तकं शिवता शिवता पुढचं सगळं शिक्षण तिथंच झालं. ते बहुतेक प्रेमावरच झालं, कारण प्रेमाच्या कादंबऱ्याच जास्त फाटायच्या.

वाचनालय म्हणजे काय, तर सिडकोच्या पलीकडं नव्यानं वसलेल्या कॉलनीत पाठकसरांनी आपल्या पार्किंगमध्ये मांडलेली कपाटं. सालं दुष्काळाची, लागोपाठ आलेली. शहर मात्र जालना रोडनं करमाडच्या दिशेनं पळत सुटलेलं. कॉलनी आधी आली, पाईपलाईन मागून येणार होती. ती अजून येतेच आहे! तोवर सगळ्यांचा आधार म्हणजे दत्तूचा टँकर.

आता दत्तूचं दुखणं ऐका. कॉलनीत मंगल नावाची नर्स भाड्यानं राहायची. वैजापूरकडच्या धनगराची लेक, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली पहिली शिकलेली पोरगी. दत्तूचा तिच्यावर जीव होता. हे कॉलनीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं, पण मंगलला सांगायची दत्तूची छाती नव्हती. त्यात तिच्या भावांनी गावाकडं स्थळं बघायला सुरुवात केली. एकदा का पाहुण्यांनी पसंती कळवली, की दत्तूनं जन्मभर नुसता टँकरच चालवायचा!

म्हणून त्यानं लायब्ररी लावली. "नाना, प्रेमात काय बोलत्यात ते लिवलेलं असंल, असं एखादं बुक द्या."

मी दिलं. तिथून सगळं बिघडलं.

* * *

आमची सगळ्यात तापट वाचक म्हणजे विजूताई कुलकर्णी. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या. उभी हयात लोकांचे ट्रंककॉल जोडण्यात गेली, स्वतःचं काही जोडलं नाही. दर शनिवारी एक प्रेमकादंबरी न्यायच्या आणि पुढच्या शनिवारी ती टेबलावर आपटायच्या.

"नायकाला उंची आहे, गाडी आहे, कोरीव जबडा आहे. नोकरी कुठाय? निम्मं पुस्तक संपलं, हा माणूस एकदाही कामावर गेलेला नाही!"

पाठकसर अगदी नम्रपणे म्हणाले, "विजूताई, आवडत नाही तर नेता कशाला?"

"वाईट आहे याची खात्री शेवटच्या पानाशिवाय होत नाही!"

दत्तू तिथंच उभा होता, बगलेत पुस्तक धरून. त्यानं भीत भीत विचारलं, "ताई, मग खरे लव्हवाले काय बोलत्यात?"

विजूताईंनी चष्मा काढला. "जन्मभर दोन्हीकडची बोलणी ऐकलीत मी. 'जेवलीस?' 'हो.' 'काय होतं?' 'पिठलं.' 'अजून?' 'ठेचा.' एवढ्यात कॉलची वेळ संपते! चंद्र, तारे, श्वास असलं कोणीही, कधीही बोललेलं नाही."

दत्तूनं हे पाठ केलं. दुसऱ्या दिवशी मंगल घागर घेऊन लायनीत आली तसा हा टँकरवरून खाली उतरला आणि सगळा दम एकवटून म्हणाला, "जेवलीस?"

"आज चतुर्थी हाय," मंगल म्हणाली.

पुढचं वाक्य ताईंनी शिकवलंच नव्हतं!

* * *

एका कादंबरीत नायकाशी भांडण झाल्यावर नायिका भर दुपारी बाथरूममध्ये जाते आणि शॉवर सोडून त्याच्याखाली रडत उभी राहते. एक पान रडते, दुसरं पान रडते, तिसऱ्या पानावर खाली बसून रडते. बाकीच्या महाराष्ट्रात ही पानं वाचून बायकांनी पदर डोळ्याला लावला असंल. आमच्या कॉलनीत काय झालं?

पुस्तक शिवायला माझ्याकडं आलं तेव्हा समासात निळ्या पेनानं लिहिलं होतं, "नायिकेला सांगा, नळ बंद कर!"

त्याखाली दुसरं अक्षर, "निदान खाली बादली ठेव, फरशी पुसायला होईल."

त्याखाली तिसरं, "यांच्याकडे दुपारी पाणी येतं? कोणता वॉर्ड?"

मी पुस्तक पाठकसरांना नेऊन दाखवलं. सर भडकले. ते जुन्या वळणाचे, घराण्यात वडील कारकून, आजोबा भिक्षुक. छापील अक्षराला पाय लागला तर नमस्कार करणारे. म्हणाले, "नाना, हा पुस्तकाचा अपमान आहे. मी स्वतः यावर लिहितो." आणि लाल पेन घेऊन बसले.

पुस्तक परत माझ्याकडं आलं. समासाच्या तळाशी सरांचं सुवाच्य अक्षर होतं, "पुस्तकावर मजकूर लिहिण्यास सक्त मनाई आहे. टँकर उद्या सकाळी येईल."

* * *

आता माझ्या हातची करामत. दोन कादंबऱ्या एकदम फाटून आल्या. एकीची पहिली निम्मी पानं धड, दुसरीची मागची निम्मी. एकीत अनुराधा आणि विक्रम, दुसरीत मोनिका आणि राजेश. मला हुक्की आली! पहिलीचं तोंड आणि दुसरीचं शेपूट घेतलं, मस्त खळ लावली, वर जाड पुठ्ठा चढवला आणि ठेवलं कपाटात. म्हटलं, बघू कोण बोंबलतं.

पुस्तक अख्ख्या कॉलनीत फिरलं. कोणीच बोंबललं नाही! मला रात्रीची झोप लागेना. शेवटी मंगल पुस्तक परत करायला आली तेव्हा मीच विचारलं, "काय गं, पुस्तकात काही वेगळं वाटलं का?"

"नाय, नेहमीसारखंच."

"अगं, मधूनच अनुराधाची मोनिका होते ना?"

"व्हय, मग? मधी लगीन नाय का झालं तिचं? सासरी नाव बदललं असंल."

आमच्याकडं खरंच लग्नात तांदळाच्या ताटात नवरीचं नवं नाव लिहितात. पोरीचं चुकलं कुठं? तरी मी खुंटा हलवला, "आणि नवऱ्याचं नाव विक्रमचं राजेश झालं ते?"

मंगल पुस्तक पुन्हा उघडून बघायला लागली. पण शेजारी विजूताई पुस्तकं चाळत होत्या, त्या मान वर न करताच म्हणाल्या, "होऊ दे! कधी तरी त्याचंही बदलू दे!"

* * *

पाठकसरांचं एक गुपित घराबाहेर फक्त मला ठाऊक होतं. तरुणपणी सरांनी स्वतः एक प्रेमकादंबरी लिहून स्वखर्चानं छापली होती, टोपणनावानं. तिचं जुनं झालेलं बायंडिंग मीच नव्यानं केलं होतं. सर ती मागच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवायचे आणि कोणी मागितली तर, "ती बाहेर गेली आहे," म्हणायचे. कोणी मागतच नव्हतं ती गोष्ट वेगळी.

मी ती काढली आणि विजूताईंच्या पिशवीत टाकली!

शनिवार उजाडला. ताईंनी पुस्तक आपटलं नाही, दोन बोटांनी धरून टेबलावर ठेवलं. ते आपटण्यापेक्षा वाईट होतं. सरांनी मुखपृष्ठ ओळखलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"का... कशी वाटली?"

"पाठकसर, या लेखकाची नायिका झोपेतसुद्धा 'हे प्राणनाथा' म्हणते. गजरा तीन दिवस सुकत नाही. भात कधी लागत नाही, दूध कधी उतू जात नाही. मला तर वाटतं, हा गृहस्थ जन्मात कोणा बाईशी दोन शब्द बोललेला नाही!"

तेवढ्यात पाठकवहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी पुस्तकाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर!"

* * *

नर्सला प्रेमकादंबरी वाचायला देऊ नये. एकीत नायक कोमात जातो, नायिका उशाशी बसून त्यांचं लाडकं गाणं म्हणते, त्याचं बोट हलतं. इथं सगळ्या बाया रडतात. मंगल म्हणाली, "आमच्या वॉर्डात असं कोणी गाऊ लागलं तर सगळेच पेशंट उठत्याल. तक्रार करायला!"

दत्तू बिचारा हे ऐकत नव्हता, तो पुढचं प्रकरण वाचत होता. त्यात लिहिलं होतं, 'तो काही बोलला नाही. तो फक्त तिच्याकडे एकटक पाहत राहिला आणि तिला सारे काही उमगले.' दत्तूला वाटलं, हे झकास! बोलायचंच नाही!

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी तो मंगलकडं एकटक बघत उभा राहिला. पापणी लववायची नाही, असा पण केलेला. उन्हाचा कडाका, वरून धूळ. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं तरी गडी हलेना. मंगलनं घागर खाली ठेवली, सरळ त्याच्यापाशी आली. तिनं अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली,

"डोळे आलेत तुझे. घरी जा. आन् लायनीतल्या कोणाला हात लावू नको!"

* * *

मग तो शनिवार. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मंगलला बघायला गावाकडं पाहुणे येणार, ही बातमी कॉलनीत पक्की झाली. दत्तूचा चेहरा कोरड्या हौदासारखा. पण माझ्याकडं येऊन म्हणतो कसा, "नाना, आज बाजी मारतो. बुकात सापडलं. नायक दुसरीच बाई घेऊन येतो, नायिका बघती, रडत पळती, शंभर पानं गैरसमज व्हतो, मग लगीन. बस!"

"अरे, पाहुणे उद्या येणारेत. शंभर पानं बसणार कशी?"

"भराभरा उरकू!"

आणि खरंच, तिसऱ्या प्रहरी टँकर आला तर केबिनमध्ये दत्तूच्या शेजारी एक ठसठशीत बाई. लाल साडी, केसात फूल. लायनीत कुजबुज झाली. विजूताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता ही पळत जाणार, पलंगावर पालथी पडणार आणि दार लावून घेणार. नाना, ही कादंबरी मला सहन होणार नाही."

दत्तूनं पाईप सोडला, पहिल्या पिंपात घातला आणि चोरून मंगलकडं पाहिलं. मंगलनं घागर खाली ठेवली, केबिनपाशी गेली आणि वर बघून म्हणाली, "ताई, तुम्ही याच्या कोण?"

"मावसबहीण. करमाडची," बाई म्हणाली. "हा म्हनला, चल, गंमत दावतो. कुठाय गंमत?"

"लगीन झालंय का तुमचं?"

"अगं बाई, दोन लेकरं हायेत मला!"

मंगल वळली. "काय रे, भैणीला कशाला उन्हात आणलंस?"

दत्तूनं माझ्याकडं बघितलं. मी टँकरच्या चाकाकडं बघितलं. मग त्यानं डोळे मिटले आणि वाचलेलं सगळं एकदम बाहेर आलं, "मंगल, तुझे बोलके डोळे... माझ्या जीवनाच्या या वाळवंटात..."

"वाळवंट नको. ते इथं हायेच. नीट बोल."

दत्तू घाम पुसत राहिला. "उद्या... तुझ्याकडं पाहुणे येणारेत म्हनं."

"व्हय."

"त्यांनी येऊ नये."

"का?"

"मला यायचंय."

पिंप भरून पाणी खाली वाहत होतं, आणि त्या सालात, त्या लायनीत, एकही बाई ओरडली नाही. विजूताईंनी माझा दंड धरलेला, तो सोडायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. पाठकसर चष्म्याची काच सारखी पुसत होते.

मंगलनं पाईप उचलून पुढच्या पिंपात टाकला. "मग एवढे दिस काय तोंडात खळ भरली होती? आज भावाला फोन करते, त्या पाहुण्यांना नको म्हन म्हणून सांगते. तू उद्या सकाळी गावाकडं ये. आईला घेऊन ये. आन् टँकर घेऊन ये. गावातली हीर आटलीय, पाहुण्याला चहा कशाचा करायचा?"

दत्तू म्हणजे एवढ्या कादंबऱ्या वाचलेला गडी, त्यानं हात विजारीला पुसले आणि विचारलं,

"पाच हजार लिटरचा आणू का दहा?"

मंगलनं घागर कमरेवर घेतली.

"नुसतं बघून जाणार असलास तर पाच लई झाला. सुपारी फोडायची असंल तर सगळं गाव जेवायला बसंल. दहा आण!"