आत्याचे घट्टे आणि माझी वजरी

आत्याच्या डाव्या मनगटाचं प्लास्टर निघालं, तेव्हा मी ग्वाल्हेरला जायचं ठरवलं. उद्देश दोन: सेवा करणे आणि किल्ला बघणे. किल्ला शाबूत आहे. सेवेचं खाली सांगते.

पुण्याहून थेट गाडी आहे. दशम्या घरून न्या. स्टेशनवरून आत्याच्या वस्तीत, दाना ओलीला, ई-रिक्षा येते, पण गल्लीच्या तोंडाशी थांबते. पुढे बॅग आपली आपण ओढायची.

आत्या बहात्तर वर्षांची, त्यातली पन्नास वर्षं सतार. मी चपला काढायच्या आत तिने एक्स-रे उजेडात धरला. "बघ, हाडाला गाठ आली. डॉक्टर बोलले, हीच हाड धरून ठेवते." शनिवारी गोरखी वाड्याजवळ मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. सुरुवात दरवर्षी हिच्या सतारीने. "या वेळी नाही बसले ना, तर पुढे कोणी विचारणार पण नाही," ती म्हणाली. हे ती हसत म्हणाली, म्हणून मी ऐकून सोडून दिलं.

बुधवारी किल्ला. किला गेटकडून चढ पायी आहे. सकाळी बेडईच्या पुऱ्या आणि जिलबी हाणून चढू नका आणि नवे बूट घालू नका. मी दोन्ही केलं. वर भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरशांत बदकांची रांग आहे. फार सुंदर. टाचेला फोड आला.

संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून फोड सांभाळून वजरीने टाचा घासल्या. आत्या म्हणाली, "माझ्या हाताला पण जरा तेल लाव." तेल लावता लावता तिला डुलकी लागली. तिच्या दोन बोटांच्या टोकांना जाड, पिवळट, खडबडीत कातडी होती. प्लास्टरमध्ये मेलेली असणार, मी ठरवलं. दुसऱ्या टबात गरम पाणी घेतलं, वजरी स्वच्छ धुतली आणि लागले कामाला. अर्ध्या तासात बोटं बारशाला न्यावीत अशी मऊ झाली.

आत्या जागी झाली. बोटाला बोट लावून पाहिलं. "हे काय केलंस गं?"

तिची नात सानिका कॉलेजातून आली. "ताई, तू आजीचे घट्टे काढलेस? पूरे के पूरे?"

तार दाबून दाबून घट्टा पडतो. तो नसेल तर तार बोट कापते. निम्मे प्लास्टरमध्ये गेले होते, उरलेले मी संपवले. मला रडू आलं, अगदी हुंदके देऊन.

"रडून काय होते?" आत्या म्हणाली. "चल, गच्चीवर पाणी घालू."

गच्चीवर डाळिंबाच्या फांदीला नवं रोप करायला गुटी बांधलेली होती. तिने ती सोडून दाखवली. साल काढलेल्या जागी पांढरट गाठी आल्या होत्या. "पहिले हे येते, मग मुळं. दीड-दोन महिने."

"आणि बोटांना?"

"तेवढेच."

शनिवारला तीन दिवस होते.

शनिवारी ती बसली. एरवी अर्धा तास वाजवते. आठव्या मिनिटाला तारेवर रक्त दिसलं. तिने सतार खाली ठेवली आणि माइकवर सांगितलं, "या वर्षी एवढंच. भाचीने फार सेवा केली." लोक हसले. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "आत्याबाई, आता आराम करा." तेव्हा तीही हसली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "माझे घालवलेस ना? आता स्वतःचे आण."

पुण्यात येऊन मी कपाटावरची सतार खाली काढली. अकरावीत सोडली होती, तीही तिनेच शिकवलेली. पहिल्या आठवड्यात फोड, दुसऱ्यात फुटले, तिसऱ्यात जिन्याचा कठडा धरतानाही बोटं आठवत होती. ग्वाल्हेरहून आणलेली तिळाची गजक एव्हाना संपली.

परवा आत्याचा फोन आला. "माझे आले परत. तुझे?"

"कच्चे आहेत अजून."

"पक्के कर. सेक्रेटरीला सांगून आले, पुढच्या वर्षी मी अर्धा तास बसणार. तुझं पण नाव देऊन टाकलं."

वजरी मी शेजारणीला देऊन टाकली.