मेहुण्यानं नेलेलं दार

माझ्या मेहुण्याइतका आगाऊ माणूस विजयदुर्गापासून मालवणापर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. बायकोचा सख्खा भाऊ. अंगानं सुकवलेला बांगडा आणि डोक्यात एकच खूळ: फळीवर उभं राहायचं, शीड लावायचं आणि खाडी ओलांडायची. होडीत बसून का नाही? तर म्हणे, "बसान कोणय जाता, भावजी!" गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता तेव्हाची ही गोष्ट, पण आठवलं की माझं डोकं आजही तापतं. फळी पसंत करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. जेवायला बसला की आधी पाट उलटा करून ठोकणार. एका लग्नाच्या पंगतीत तर शेजारच्या म्हाताऱ्याला उठवून त्याच्या बुडाखालचा पाट बघितला. वर आम्हालाच शिकवणार: नवशिक्याला रुंद फळी, मुरलेल्याला अरुंद, सकाळच्या मंद वाऱ्याला मोठं शीड, दुपारी वारा चढला की लहान. स्वतः आंब्याच्या फळीवरून पडला, माडाच्या ओंडक्यावरून पडला, तेव्हा कुठं कबूल केलं की आपण नवशिके, आपल्याला रुंदच हवी.

आणि रुंद म्हणून मेल्याला माझं दार आवडलं! फणसाचं, मी स्वतः रंधा मारलेलं. नेलं कधी? थोरलीला बघायला पाहुणे यायचे त्याच सकाळी. मी आंघोळ करून येतो तर चौकट मोकळी आणि बायको तिथं चादर टांगतेय. आता पाहुण्यांना काय दाखवू, घराला दार नाही ते? तसाच ओल्या पंच्यावर खाडीवर धावलो. दाराखाली रॉकेलचे रिकामे डबे, मधोमध भोक पाडून बांबू रोवलेला, शीड म्हणून बायकोचं नऊवारी लुगडं. "मेल्या, दार दी माजां!" मी ओरडलो. "वारो बरो आसा भावजी, आत्ता घेवन येतंय!" म्हणाला, आणि समोरून येणाऱ्या पाहुण्यांच्या होडीपुढंच उलटला.

पाहुण्यांनीच त्याला वर ओढला. मुलाच्या बापानं विचारलं, "ह्यां दार कोणाचां?"

"भावजीचां. तुमी खंय चल्लास?"

"चेडू बघूक."

"मगे ह्या दाराचांच घर. दार घेवनच चला."

सोयरे माझंच दार खांद्यावर घेऊन माझ्या घरी आले. लाजेनं मला मान वर करवेना. मुलाचा बाप हसू दाबत थोरलीला म्हणाला, "चेडवा, तुझ्या मामाक पोवाक येता?"

"नाय," ती म्हणाली, "म्हणान तर दाराक डबे मीच बांधलंय."

सोयरीक तिथंच ठरली. लग्न आपण जुळवलं असं मेहुणा मरेपर्यंत गावभर सांगत फिरला. माझ्या लेकीत काय कमी होतं म्हणून दार लागावं?

दाराचं भोक तसंच आहे. "आत्ता बुजवतंय" म्हणत तो गेला, न बुजवता. परवा माझ्या मुलानं सुतार आणला, मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला. दुपारी वारा चढला की त्या भोकातून शीळ वाजते आणि मी अंथरुणातूनच ओरडतो, "लहान शीड लाव, मेल्या!"