पिंपळगाव राजातली पडताळणी

माझा स्वभाव संशयी. नोकरीत तो फार उपयोगी पडला, म्हणून मी त्याला कधी आवर घातला नाही. एचआयव्ही प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम गावोगाव खरंच पोचतो का, हे तपासायचं माझं काम. आदल्याच महिन्यात एका ठिकाणी यादीतल्या कितीतरी बायका नुसत्या कागदावर निघाल्या होत्या. त्या रागातच मी पिंपळगाव राजाला पोचले.

इथलं काम एक बांगडीवाली बघायची. पूर्वी ती स्वतः देहविक्री करायची. आता तशाच बायकांना गाठून निरोध पोचवायची, दर सहा महिन्यांनी त्यांना रक्ततपासणीला न्यायची. पेटीत वर बांगड्या, खाली निरोधाची पाकिटं. बांगडीवालीला कुठल्याही घरात, अगदी सासूच्या देखत, सुनेचा हात धरून बसता येतं. युक्ती नामी होती. मला ती जरा जास्तच नामी वाटली.

यादीतल्या एका नावावर मी बोट ठेवलं. "हिच्या घरी जाऊ."

"घरी नोका, मॅडम. मी तिले एसटी स्टँडवर बलावतो. शिवनकामाले जातो म्हनून ती खामगावले जाते. घरी कोनालेच मालूम नाही. समजलं त घराबाहेर काढतीन तिले."

घरीच भेटा असं नियमात कुठेही नव्हतं. तो माझा हट्ट. स्टँडवर कुणालाही उभं करता येतं, हे मी पाहिलं होतं.

"मी बी इकडचीच, जानेफळची," मी म्हणाले. "मले नोका शिकवू."

कार्यक्रमाची पाटी लावलेली गाडी लांब उभी केली, फाइल पिशवीत कोंबली आणि बांगडीवालीची सोबतीण बनून निघाले. एवढी अक्कल चालवली म्हणून स्वतःचं कौतुकही वाटलं.

ओसरीवर सासू तूर निवडत बसली होती. हाक ऐकून सून बाहेर आली. मला बघताच तिचा चेहरा उतरला. नाव खरं, वय खरं, बाई खरी. माझं काम तिथेच संपलं होतं, तिथूनच उठायला हवं होतं. पण बांगडीवालीने सुनेचा हात धरला, तसा सासूने सूप बाजूला सारून आपला हात माझ्यापुढे केला.

"मले तुम्ही भरा."

मला बांगड्या भरता येत नाहीत. जन्मभर मी फक्त हात पुढे करत आले. पंजा कुठे दाबायचा, अंगठा कसा दुमडायचा, काही ठाऊक नाही. पहिली बांगडी बोटांच्या पेरांवरच तडकली. दुसरीही. सासूने हात मागे घेतला नाही, ती माझी बोटं बघत होती.

"तुम्ही कासारीन नाही," ती शांतपणे म्हणाली. "कोन हा वो तुम्ही?"

बांगडीवाली मान वर न करता म्हणाली, "माही ननंद हाये. आताच शिकून राह्यली."

"या वयात?"

सुनेच्या हातातल्या नव्या बांगड्या किणकिणत होत्या. सासूने सुनेकडे बघितलं, मग माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या फाइलकडे, आणि पुन्हा सूप पुढे ओढलं.

गाडीत बसल्यावर फाइल काढली. पडताळणीचा रकाना भरला: प्रत्यक्ष भेट झाली, खात्री पटली. शेऱ्यात बांगडीवालीच्या कामाची तारीफ केली, तीही मनापासून.

अडीच महिन्यांनी त्या सुनेच्या तपासणीची वेळ झाली असेल म्हणून मी बांगडीवालीला फोन केला.

"तपासनीले नाही आली ती. सासू मले दारातूनच परत धाडते. आमाले बांगड्या नोको म्हनते. सुनेचं खामगावले जानं बंद केलं, फोन काढून घेतला."

"मारतात का तिला?"

"मले काय मालूम? आत जायाले बांगड्यांचाच त एक रस्ता होता."

इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, आणि ती सांगायलाही आता उशीर झाला होता.

पलीकडून तिने आवाज न चढवता विचारलं, "पन मॅडम, तुमची खात्री झाली न?"