आरती व्हायची आहे

बस मागायला आम्ही गाणं का म्हणत होतो, हे मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं आणि आज कुणी विचारलं तरी मी गडबडते.

आमचं गाव हमरस्त्यापासून तासाभराच्या चालीवर आत. सकाळची एसटी बंद झाली आणि बारावी झालेल्या माझ्या लेकीचं तालुक्याच्या कॉलेजात जाणं अडलं. नवऱ्यानं एका वाक्यात निकाल लावला, "एवढी वाट पोरीनं एकटीनं तुडवायची न्हाय. बस आली तर शिकू दे, न्हाय तर ईट गावचं स्थळ हाय." प्रवेश बंद व्हायला महिना उरला होता.

मी अंगणवाडीत काम करते. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं गावात कुणी नाही. मारुतीच्या पारावर सभा बोलावली. आठ माणसं आली, त्यातली तीन आधीपासूनच तिथं झोपलेली होती. मी अर्ज खणखणीत वाचला. वाचून मान वर केली, तर झोपलेले तेवढे उरले होते. असा संताप आला की अर्ज तिथंच फाडावासा वाटला.

माझी थोरली जाऊ देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांच्या मेळ्यात गाते. दर मंगळवारी कुणाच्या तरी अंगणात मेळा बसतो आणि मधोमध तुणतुणं घेऊन ती. माझी फजिती ऐकून ती पोट धरून हसली. "तू समदं सांगून मोकळी हुतीस. मग लोकांनी काय करायचं, माना डोलवायच्या? म्या ओळ अर्धी सोडती. उरलेली त्येंनी म्हणायची."

मला पटलं नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. पुढच्या मंगळवारी देवीची गाणी झाल्यावर तिनं नवीच ओळ काढली, "लेक माझी निघाली शिकाया गं..." आणि थांबली. दोन-तीनदा स्वतःच पुरी करून दाखवली. चौथ्यांदा सगळं अंगण म्हणालं, "गाडी येऊ दे वेशीला!"

मग मी तिच्या युक्त्या बघत राहिले. मागं लाजून बसलेली बाई हेरायची आणि तिच्याच हातात झांज द्यायची, कारण झांज वाजवणारी बाई मधेच उठून जात नाही. नव्या माणसाला नात्यानं हाक मारून ओळीत घ्यायचं, कुणाची मामी, कुणाची नणंद. ते माणूस पुढच्या खेपेला आणखी दोघांना घेऊन यायचं. सगळ्यात गप्प बसलेल्या बाईच्या अंगणात पुढचा मेळा ठेवायचा. तिसऱ्या मंगळवारी अंगण पुरेना, लोक रस्त्यावर बसले. मी कोपऱ्यात सह्या गोळा करत होते आणि डोक्यात एकच भुंगा, ही माणसं बससाठी आलीत की गाण्यासाठी?

जावेला विचारलं तर म्हणाली, "तुला माणसं पायजेत का त्येंची कारणं?"

नवरा मेळ्याकडं फिरकला नाही. घराच्या ओट्यावर सुपारी कातरत बसायचा. "गाण्यानं बस येती व्हय?" एवढंच विचारायचा. मी चिडायची.

त्याच शुक्रवारी दोन टेम्पो भरून आम्ही एसटीच्या आगारात जाऊन बसलो. साहेब बाहेर गेले होते. जावेनं सुरू केलं. गाडीची वाट बघणारे प्रवासीसुद्धा ओळ पुरी करायला लागले, एक कंडक्टरही. मला वाटलं, जिंकलं! एक तास गेला, दोन गेले. मेळ्यात एकामागून एक येतात तशी सगळी गाणी होत गेली, आणि ती संपल्यावर सवयीनं जावेच्या तोंडून आरती निघाली.

आमच्याकडं आरतीआधी कुणी उठत नाही आणि आरतीनंतर कुणी बसत नाही. टाळ्या झाल्या, जयजयकार झाला, चुरमुरे वाटले. बायांनी पदर झटकले आणि त्या टेम्पोत जाऊन बसल्या. मी ओरडत होते, "अवो, साहेब यायचेत अजून!"

"आरती झाली की, ताई," एकीनं माझ्या हातावर प्रसाद ठेवत सांगितलं.

साहेब आले तेव्हा आवारात मी, जाऊ आणि माझी लेक. माझ्या एका हातात अर्ज, एका हातात चुरमुरे. साहेबांनी आम्हाला वाटेला लावलं. लेक परतीच्या वाटेवर आमच्या पुढं भरभर चालत राहिली. तेच मला सोसवेना. मी जावेवर चिडले, मग स्वतःवर, मग नक्की कुणावर चिडायचं हेच कळेना.

तीन दिवस जाऊ घराबाहेर पडली नाही. मंगळवारी सकाळी स्वतःच आली. दुसऱ्या दिवशी प्रवेश बंद होणार होते. "आज सुरुवात तू कर. म्या केली की गळा आपसूक आरतीकडं जातोय. आन बस मिळाल्याबिगर आरती कुणीच म्हणायची न्हाय."

या वेळी एकच टेम्पो भरला. मी जन्मात चारचौघांत गायले नव्हते. "लेक माझी निघाली शिकाया गं..." एवढं म्हटलं आणि समोर लेक दिसली. पुढचं काही येईना. ओळ मी मुद्दाम सोडली की विसरले, हे लोकांना कळेना. ती कुणी उचललीही नाही.

मग मागून एक घोगरा आवाज आला, "गाडी येऊ दे वेशीला!"

पाण्याच्या टाकीजवळ माझा नवरा उभा होता; कधी आला होता, कुणास ठाऊक. त्याच्यामागून सगळ्यांनी ओळ धरली.

दुपार कलली. साहेब दोनदा बाहेर आले. शेवटी म्हणाले, "बाई, उठा आता."

"आरती व्हायची हाय," जाऊ म्हणाली.

"मग म्हणा की."

"बस मिळाल्यावर."

साहेबांनी एकदा बायांकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं. आरतीआधी लोकांना उठवायचं कसं, हे त्यांनाही कळत नसावं. अखेर सोमवारपासून सकाळची गाडी सोडतो, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. कागद मिळाला, बस अजून नव्हे, म्हणून आम्ही आरती न म्हणताच उठलो.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं प्रवेशाच्या अर्जावर सही केली. मी विचारलं, "तुम्ही बससाठी म्हटलंत, का नुसतं गाणं म्हणून?"

"ओळ अर्धी राहिली हुती," तो म्हणाला आणि सुपारी कातरू लागला.

बस कधी येते, कधी येत नाही. येत नाही त्या दिवशी तो लेकीबरोबर हमरस्त्यापर्यंत चालत जातो. त्या आगारातली आरती आम्ही अजून म्हटलेली नाही.