सान अंतोनिओच्या कडेवरचं बाळ

मेक्सिको शहराच्या जुन्या भागात सान अंतोनिओ या संताचं एक बुटकं देऊळ आहे. त्याच्या किल्ल्या चार पिढ्या फिदेन्सिओच्या घरात. माणूस इमानदार, पण संशय अंगात मुरलेला. मेणबत्ती लावायला कुणी आलं, की हा आधी त्याच्या बाह्या बघणार, मग चेहरा. स्वतःच्या बायकोच्या मयतीला रडणाऱ्या एका बाईलाही यानं अडवून विचारलं होतं, "तुम्ही नक्की कुणाकडच्या?"

नाताळात देवळातलं एक पितळी मेणबत्तीदान गेलं, तेव्हा नवे पाद्रीबाबा म्हणाले, "फिदेन्सिओ, आता आणखी एक वस्तू हलली, तर किल्ल्या दुसऱ्याकडे." तेव्हापासून गडी धड जेवेना.

आला ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार. त्या दिवशी सगळं शहर सात देवळांची फेरी करतं. दर देवळात गुडघा टेकायचा, मंतरलेला छोटा पाव नि बाबुन्याच्या फुलांची जुडी घ्यायची, की पुढचं दार. सकाळपासून रीघ. फिदेन्सिओची धाकटी बहीण सोलेदाद दारात पाव वाटत होती. दुपारी बाराला गर्दी जरा ओसरली, तसं फिदेन्सिओनं वर मूर्तीकडे पाहिलं. सान अंतोनिओच्या कडेवरचं लाकडी बाळ येशू गायब! चारला तर पाद्रीबाबा पाय धुण्याच्या विधीला येणार.

एक टोपीवाला सकाळपासून तिसऱ्या बाकावर बसला होता. नजर वेदीवर नाही, दाराकडे. काखेत फुगलेली पिशवी. आणि आत्ताच उठून गेला!

"सोलेदाद, दार सोडू नकोस," म्हणत फिदेन्सिओ मागं धावला.

टोपीवाला पुढच्या देवळात शिरला, गुडघा टेकला, वळून मागं पाहिलं. तिसऱ्यात तेच. चौथ्यात तेच. 'साथीदाराची वाट बघतोय लेकाचा,' फिदेन्सिओ खांबाआडून पुटपुटला. सातव्या देवळात त्याचा धीर सुटला. झडप घालून त्यानं पिशवी उपडी केली. निघाली एक पांढरी जाळीची ओढणी.

"बायकी जिन्नस! कुणाचा उचललास?"

"विकत घेतलाय हो! ज्यांच्यासाठी घेतला, त्यांच्याबरोबर सात देवळं करायचं ठरलं होतं. पण तुम्ही त्यांना दारात पाव वाटायला बसवलंत."

फिदेन्सिओच्या हातून पिशवी गळाली. जाब विचारायला टोपीवाल्याला दंडाला धरून आपल्या देवळात फरफटत आणेपर्यंत साडेतीन वाजले.

सोलेदादनं दोघांना पाहिलं आणि पाव खाली ठेवला. "दादा, त्यांचा हात सोड. बाळ मी पहाटेच घेतलंय. घरी मक्याच्या पिठाच्या डब्यात आहे."

"तू? देवाच्या घरात चोरी?"

"चोरी कसली? आपल्या गल्लीतल्या कुठल्या पोरीनं नाही नेलं? सान अंतोनिओ लग्नं जुळवतो; नवरा मिळेपर्यंत त्याचं बाळ ओलीस, हा रिवाजच आहे."

"अगं, पोरी नेतात! तू बावन्नची घोडी!"

"कुणामुळे झाले बावन्नची? पोस्टातला आला, तर तुला त्याच्या मिशीचा संशय. सुतार आला, त्याला विचारलंस, 'पहिली बायको कशानं मेली?' बिचाऱ्याचं लग्नच झालं नव्हतं!"

"बरं, आता हा मिळाला ना? मग आण बाळ."

"मिळाला कुठं? तू 'हो' कुठं म्हणालास?"

फिदेन्सिओनं घड्याळ पाहिलं. पावणेचार. चार पिढ्यांच्या किल्ल्या कमरेला टोचायला लागल्या. त्यानं टोपीवाल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"धंदा?"

"घड्याळं दुरुस्त करतो. नाव हासिंतो."

"म्हणजे लोकांची घड्याळं तुझ्याकडे पडून असतात."

"दादा!"

"हो! हो म्हणतो! जा आता!" कडू काढा एका घोटात गिळावा, तसं तो म्हणाला.

सोलेदाद पळतच गेली नि आली. बाळ कडेवर बसलं आणि दारात पाद्रीबाबा उभे. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं. "फिदेन्सिओ, बाळाच्या केसांत पीठ कसलं?"

"सोलेदादचं लग्न ठरलंय, पाद्रीबाबा."

पाद्रीबाबा काय ते समजले. हसू दाबत म्हणाले, "अरे वा! कुणाशी?"

फिदेन्सिओनं हासिंतोकडे डोळे बारीक करून पाहिलं. "त्याची चौकशी चालू आहे."